आधी हात, मग कागद

एक कोरा कागद आणि बोटभर चिकटपट्टी. एवढ्या सामानात जितका उंच होईल तितका मनोरा उभा करायचा. कॅनडातले तंत्रशिक्षणाचे अभ्यासक माल्कम वेल्श यांनी हे काम सातवीतल्या मुलांच्या जोड्यांना दिलं आणि मुलं काय करतात, एकमेकांशी काय बोलतात, याचं चित्रण करून ते बारकाईने तपासलं. वस्तूची रचना कशी करावी याचं शिक्षण या मुलांना आधी मिळालेलं नव्हतं, आणि वेल्श यांना तशीच मुलं हवी होती. त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुस्तकांतून डिझाइनच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. प्रश्न समजून घ्या, दोनचार तोडगे सुचवा, त्यातला एक निवडा, चित्र काढा, वस्तू करा, शेवटी तपासा. वर्गाच्या भिंतीवर लावायला हा तक्ता फार सोयीचा. वेल्श यांच्या मुलांनी यातलं जवळजवळ काहीच या क्रमाने केलं नाही. प्रश्न वाचून होतो न होतो तोच हात कागदाकडे गेले. चित्र काढण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. कागद दुमडणं, गुंडाळणं, उभा धरून बघणं, हाच त्यांचा विचार. दोनचार तोडगे शेजारीशेजारी मांडून तुलना करणंही नाही. एक कल्पना धरली, ती कोसळेपर्यंत रेटली, कोसळली की दुसरी. तपासणी मात्र शेवटी एकदाच न होता सुरुवातीपासून सारखी चाललेली.

हे ऐकून कुणी म्हणतं, पोरांना शिस्त नाही. कुणी म्हणतं, पोरं उपजतच इंजिनिअर असतात, शाळाच त्यांना बिघडवते. दोन्ही बोलणी घाईची आहेत. कॅनडातल्या सातवीत जे दिसलं ते भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीत मुद्दाम प्रयोग न करताही दिसतं, फक्त हातात कागदाऐवजी कडब्याचा धांडा असतो.

बीदर जिल्ह्याचा हा पट्टा. घरात मराठी, बाजारात कानडी, बसस्टँडवर दखनी. रब्बीचा जोंधळा निघाला, कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या, की पोरांचा गाडीकारखाना सुरू होतो. आधी धांडा निवडायचा. किडका नको, पेरं लांब आणि सरळ हवं, वाळलेला हवा पण कुजका नको. मग दाताने एक टोक धरून साल सोलायची. ही साल म्हणजे चिवट, चकचकीत पट्टी. तिचा काठ इतका धारदार, की ओठ किंवा बोट कापलं नाही असं पोरगं विरळा. साल निघाली की आत पांढरा, हलका भेंड उरतो. भेंडाचे तुकडे हे सांधे आणि सालीच्या पट्ट्या हे वासे. पट्टीचं टोक तिरपं करून भेंडात खुपसलं की सांधा तयार. खिळा नाही, डिंक नाही. चाकासाठी पट्टी गोल वाकवायची असते आणि सुकी पट्टी वाकवताना तडकते, म्हणून ती थुंकीने ओली करून हळूहळू वळवायची. दांडी, जू, साटा, दोन चाकं. तासाभरात बैलगाडी उभी राहते.

या खेळण्यात बरंच अभियांत्रिकी ज्ञान दडलेलं आहे. धांडा वाकतो तेव्हा ताण बाहेरच्या सालीवर येतो. आतला भेंड स्वतः फारसा भार घेत नाही, पण सालीच्या दोन बाजू एकमेकींपासून दूर ठेवतो, आणि त्यामुळेच एवढा हलका धांडा एवढा ताठ राहतो. बाहेर पातळ कडक थर आणि आत हलका गाभा, ही रचना विमानाच्या भागांतही वापरतात. पोराला हे सूत्र सांगता येत नाही. पण कुठला तुकडा कुठे चालेल, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. त्याला आधी चित्र काढायला लावलं तर तो बैलगाडीचं चित्र काढेल. ते छान असेल, पण गाडी करायला त्याचा उपयोग शून्य.

तरीही या गाडीला डिझाइन म्हणताना थोडं थांबावं लागतं. तिचा आराखडा पोराने शोधलेला नाही. थोरल्या भावाने केली, याने बघितली. बघितलेलं करणं आणि न बघितलेलं सुचणं यांच्यात किती अंतर असतं, हे इंग्लंडमधल्या सारा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं. उभी, अरुंद, पारदर्शक नळी. तिच्या तळाशी एक इवलीशी बादली, बादलीला कडी, बादलीत बक्षीस. मुलाच्या हातात सरळ, वाकणारी तार. तार वाकवून आकडा करायचा आणि बादली वर ओढायची. चारपाच वर्षांच्या फारच थोड्या मुलांना हे सुचलं. आठव्या वर्षाच्या आसपास बऱ्याच जणांना सुचायला लागलं. गंमत पुढे आहे. आकडा करून दाखवला की तीच लहान मुलं लगेच तसा आकडा करत. म्हणजे हातात कौशल्य होतं, तार वाकते हेही माहीत होतं. अडलं होतं ते समोर नसलेली वस्तू मनात उभी करण्यापाशी. याच्या नऊ वर्षं आधी, २००२ मध्ये, ऑक्सफर्डमधल्या बेट्टी नावाच्या कावळीने सरळ तारेचा आकडा करून अशीच बादली वर काढली होती. त्यावरून पोरांना हसू नये. माणसाचं पोर नक्कल करण्यात इतकं तरबेज असतं, की बहुतेक वेळा त्याला शोध लावायची गरजच पडत नाही. धांड्याची गाडी पिढ्यान् पिढ्या टिकली ती त्याच जोरावर.

वय वाढतं तसं सुचणं सोपं होत जातं, असं मात्र सरळ गणित नाही. मध्येच एक वळण येतं आणि तिथे मूल आधीपेक्षा कमी शहाणं दिसतं. जिनिव्हात अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९७४ मध्ये याचा फार सुंदर दाखला दिला. मुलांना लाकडी ठोकळे एका अरुंद पट्टीवर तोलायला दिले. काही ठोकळे साधे, काहींच्या एका टोकात वजन लपवलेलं. चारपाच वर्षांची मुलं ठोकळा पुढेमागे सरकवत, कुठे कलतो ते बोटांनी जोखत आणि दोन्ही प्रकारचे ठोकळे तोलून दाखवत. सहासात वर्षांच्या मुलांच्या मनात एव्हाना एक सिद्धांत बसलेला असतो: वस्तू मधोमध ठेवली की तोलते. वजन लपवलेला ठोकळा ते पुन्हापुन्हा मधोमध ठेवत, तो पुन्हापुन्हा पडे. मग ‘हा तोलताच येत नाही’ म्हणून बाजूला सारत. त्यांनाच डोळे मिटायला लावले की ठोकळा तोलला जाई! आठनऊ वर्षांची मुलं पुन्हा यशस्वी, पण आता ठोकळा उचलून त्याचं वजन कुठे आहे याचा अंदाज घेऊन.

वर्गात शिकवणाऱ्याने हा प्रयोग जवळ बाळगावा असा आहे. सहावीतला एखादा हुशार मुलगा मॉडेल करताना अडतो आणि त्याच्याच बाकावरचा, गणितात कच्चा असलेला दुसरा ते करून दाखवतो, तेव्हा पहिल्याला ‘पुस्तकी’ म्हणून निकालात काढायची घाई होते. तो कदाचित सिद्धांत आणि हात यांच्यामधल्या त्या वळणावर असेल. त्याला आणखी थोडे ठोकळे लागतील, एवढंच.

आपल्याकडे या विषयावर मन लावून काम झालं ते मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. रितेश खुन्याकरी, स्वाती मेहरोत्रा, सुगरा चुनावाला आणि चित्रा नटराजन यांनी उच्च प्राथमिक वयाच्या मुलांसाठी डिझाइन आणि तंत्रज्ञानाचे पाठ तयार केले आणि वेगवेगळ्या सामाजिक थरांतल्या, मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या, शहरी आणि ग्रामीण मुलांसोबत ते करून पाहिले. त्यांचा एक शोधनिबंध २००७ मध्ये आला. पिशवी करणं, वजन उचलणारी पवनचक्की करणं, बाहुल्या करणं, अशी ती कामं. मुलं गटात बसत. आधी कच्ची रेखाटनं, मग मापांसह आराखडा, लागणाऱ्या सामानाची यादी, कोणतं काम कशानंतर करायचं याचा नकाशा, त्यानंतर प्रत्यक्ष वस्तू, आणि शेवटी स्वतःच्या व इतरांच्या वस्तूचं मूल्यमापन.

वेल्श यांच्या मुलांनी चित्र टाळलं आणि इथे चित्र मागून घेतलं. मग यात बरोबर कोण? माझ्या मते फरक गटाचा आणि कामाच्या आकाराचा आहे. कागदाचा मनोरा दोघांच्या चार हातांत मावतो, तिथे चित्राला कामच नाही. पवनचक्कीत चौघं असतात आणि चौघांच्या मनात चार पवनचक्क्या फिरत असतात. कागदावर उतरल्याशिवाय त्या एकमेकींशी भांडत नाहीत.

पवनचक्कीचं काम निवडण्यात या मंडळींची हुशारी दिसते. नुसती फिरणारी चक्की केली असती तर रंगीत कागदाची भिरभिरी करून मोकळं होता आलं असतं. पण वजन उचलायचं म्हटलं की सगळा प्रश्न बदलतो. दोरा आसाभोवती गुंडाळला गेला पाहिजे, म्हणजे पात्यांबरोबर आसही फिरला पाहिजे. भिरभिरीत आस स्थिर असतो आणि पाती त्याच्यावर फिरतात. तो सांधा इथे कामाचा नाही. पाती आसाला घट्ट हवीत आणि आस खांबाच्या भोकात सैल हवा. भोकं समोरासमोर नसली तर आस अडतो. पाती मोठी केली की ताकद वाढेल असं वाटतं आणि ती थोडीफार वाढतेही, पण मोठ्या पात्यांवर वारा बसला की अख्खा खांबच मागे कलंडतो. आस जाड घेतला तर दोरा भराभर गुंडाळतो पण वजन उचलत नाही. आस बारीक केला तर तेवढ्याच वाऱ्यात वजन उचललं जातं, फक्त हळू. विहिरीच्या रहाटाचा हिशोबच हा. मुलाच्या चित्रात पाती हौसेने रंगवलेली असतील, पण आस खांबात कसा बसतो तिथे नुसती एक रेघ असेल, तर काम कुठे अडणार ते शिक्षकाला चित्रावरूनच कळतं. कच्च्या चित्राचा मोठा उपयोग हा. जे ठरवलेलं नाही ते त्यात उघडं पडतं.

वस्तू चालली की मुलं थांबतात. हे वर्गाबाहेरच्या इंजिनिअरलाही लागू आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत लिओना शॉबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पाचवीसहावीच्या मुलांना पाण्याच्या कालव्यात होड्या सोडायला दिल्या. पाण्याची खोली, होडीचा आकार, वजन बदलून बघायचं होतं. दुसरं काम स्प्रिंगांचं. होडीच्या कामात मुलं आपसूकच ‘जास्तीत जास्त वेगाने कशी जाईल’ याच्या मागे लागली. सगळ्यात चांगली दिसेल ती जोडणी करून बघायची, जमली की समाधान. का जमली, कशामुळे जमली, हा प्रश्न तेव्हा उरत नाही, कारण एका वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात. स्प्रिंगच्या कामात मात्र कारण शोधायला जागा होती. जी मुलं आधी होड्यांवर काम करून मग स्प्रिंगांकडे आली, त्यांची प्रयोग करण्याची पद्धत जास्त सुधारली. आपल्या शाळांत क्रम उलटा असतो: आधी प्रकरण, मग प्रश्नोत्तरं, आणि वेळ उरला तर प्रात्यक्षिक.

आता खटकचिंचोळीचाच एक प्रश्न घेऊ. जोंधळा हुरड्यावर आला की पाखरं तुटून पडतात. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत, आरोळ्या देत राखण व्हायची. आता शेतावर दिवसभर उभं राहायला माणूस मिळत नाही. ‘पाखरं हाकलण्याचं साधन करा’ असं आठवीच्या वर्गाला सांगितलं तर दहाव्या मिनिटाला उत्तरं येतील. पंख्याला डबा बांधू, तो वाजत राहील. सीडीच्या चकत्या लटकवू. मोबाइलवर ससाण्याचा आवाज लावू. सगळ्या कल्पना ठीक. पण एकालाही विचारावंसं वाटणार नाही: कुठली पाखरं? थव्याने येतात की एकेकटी? दिवसभर येतात की पहाटे आणि दिवस कलताना? आधी कुठे बसतात, बांधावरच्या बाभळीवर की थेट कणसावर? आणि राखण किती दिवस लागते? दाणा दुधात आल्यापासून टणक होईपर्यंतच ना? मग वर्षभर टिकणारं यंत्र कशाला?

सिंथिया अ‍ॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि कसलेले अभियंते यांना एकच काम दिलं होतं: वस्तीतल्या मुलांसाठी खेळाचं मैदान आखा. मोठ्याने विचार करत आखा, म्हणजे आम्हाला ऐकू येईल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अभियंत्यांनी प्रश्न समजून घेण्यात विद्यार्थ्यांपेक्षा जास्त वेळ घातला, जास्त माहिती मागितली, आणि तीही जास्त प्रकारची. भिंतीवरच्या तक्त्यातल्या पायऱ्या तेही ओळीने चढत नव्हते. आखता आखता पुन्हा मूळ प्रश्नापाशी येत होते. शाळकरी मुलंही सारखी मागेपुढे होतात, पण ती एका तोडग्यावरून दुसऱ्या तोडग्यावर जातात. प्रश्नाकडे परत फिरत नाहीत. मुलांत आणि मुरलेल्या माणसांत मला दिसतो तो मुख्य फरक हाच. कल्पनांची वाण मुलांना नाही.

तयार वस्तू बघून हा फरक कळत नाही, कारण वस्तू तयार झाली की तिच्यामागचा प्रश्न झाकला जातो. बीदरच्या वेशीवर नौबादला बहामनी काळातली, पंधराव्या शतकातली कारेज, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा, आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं भोकातून खाली वाकून बघतात, ‘जुन्या काळचं पाणी’ असं वहीत लिहितात. पण उंच पठारावरच्या गावाला पाणी कसं द्यायचं, हा तिथला पेच होता. खालून पाणी वर चढवणं हे पहिलं सुचणारं उत्तर. ज्यांनी कारेज आखली त्यांनी जमीन वाचली. बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. पाऊस त्यात मुरतो आणि खालच्या न झिरपणाऱ्या थरावर साठतो. म्हणजे पाणी पठारातच आहे, त्याला फक्त वाट करून द्यायची. अगदी हलका उतार ठेवून जमिनीखाली बोगदा खणला आणि ठरावीक अंतरावर उभी भोकं पाडली. ती खणायला, माती वर काढायला आणि आत हवा खेळायला. पाणी आपल्या वजनाने वाहत राहिलं. सहलीत हा पेच आधी मुलांपुढे ठेवला आणि उत्तर नंतर दाखवलं तर?

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनांत नेमकं हेच होत नाही. थर्माकोलचं धरण, थर्माकोलचं स्मार्ट गाव, प्लास्टर ऑफ पॅरिसचा ज्वालामुखी. प्रश्न कुणालाच पडलेला नसतो, उत्तर दुकानातून आणलेलं असतं, आणि बरंचसं काम बाबांनी रात्री जागून केलेलं असतं. सरकारी योजना आल्या आहेत हे चांगलंच. इन्स्पायर-मानकमधून शाळकरी मुलांच्या निवडक कल्पनांना दहा हजार रुपये मिळतात. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण कल्पना आधी अर्जात लिहून पाठवायची, हा क्रम मुलांच्या स्वभावाला धरून नाही. मुलांना कल्पना सुचते ती सामान हाताळताना. आणि थ्रीडी प्रिंटर बिघडेल म्हणून कुलपात ठेवला, तर त्याच्यापेक्षा कडब्याची पेंढी बरी.

सामानाला पैसे लागतात हा समज अरविंद गुप्तांनी १९७८ पासून मोडीत काढला आहे. आयआयटी कानपूरमधून शिकलेला, पुण्यात टेल्कोत नोकरी करणारा हा इंजिनिअर होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व काडेपेटीच्या काड्या एवढ्यावर रचना करू लागला. नळीच्या इवल्याशा तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या, की सांधा झाला. चार काड्यांचा चौकोन करा, तो बोटाच्या टोकाने कलतो, चपटा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. चौकोनाला कर्णात एक काडी घाला, तोही ताठ. पत्र्याच्या शेडच्या कैच्या आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, ते पाचवीच्या मुलाला त्या क्षणी बोटातून कळतं. सांधा सैल आहे म्हणून हे कळतं, हे महत्त्वाचं. काड्या डिंकाने चिकटवल्या असत्या तर चौकोनही ताठ राहिला असता आणि फरक दिसलाच नसता.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे एक पाऊल पुढे टाकलं गेलं. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं: सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, स्वयंपाकघरातलं काम. आणि ते गावाच्या उपयोगाचं असलं पाहिजे. गुण देणारा मास्तर प्रेमळ असतो, गिऱ्हाईक नसतं. मुलांनी बसवलेलं फाटक लागत नसेल तर ते येऊन सांगतं. मग मुलाला पुन्हा फाटकापाशी जावं लागतं, बिजागरी कुठे बसवली ते बघावं लागतं, आणि आपण जमिनीचा उतार मोजलाच नव्हता हे लक्षात येतं. प्रश्नाकडे परत फिरण्याची सवय लावायला याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही.

खटकचिंचोळीच्या वर्गाला पाबळसारखी शेड मिळेल न मिळेल. जोंधळा मात्र हाताशी आहे. पाखरांचं साधन पहिल्याच तासाला करू द्यावं, कारण ते केल्याशिवाय पोरांना चैन पडणार नाही. डबा वाजायला लागला की तो शेतात नेऊन लावावा आणि वही घेऊन बांधावर बसावं: किती पाखरं आली, किती वाजता, डबा वाजल्यावर किती उडाली, परत यायला किती वेळ लागला. पहिल्या दिवशी पाखरं दचकतील आणि पोरं खूश होतील. काही दिवसांत पाखरांना आवाजाची सवय होईल आणि ती डब्याशेजारच्या कणसावर येऊन बसतील. पोरं तावातावाने दुसरा, मोठ्या आवाजाचा डबा मागतील. तो लगेच देऊ नये. वहीतले आकडे फळ्यावर लिहावेत आणि पाखरं येण्याआधी कुठे असतात ते बघायला वर्गाला दुसऱ्या दिवशी पहाटेच शेतावर बोलवावं.